संधिगत वात आणि स्पंदित विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र-चिकित्सा

गुडघेदुखीचा रुग्ण आज चिकित्सालयात येतो तेव्हा त्याच्या हातात क्ष-किरण चित्राबरोबर एखाद्या यंत्राचे माहितीपत्रकही असते. ‘डॉक्टर, हे चुंबकाचे मशीन घेऊ का?’ हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. औषधविक्रेत्या बंधूंनाही तो चुकत नाही. त्याचे उत्तर ‘आपल्या शास्त्रात नाही’ किंवा ‘घेऊन पाहा’ एवढ्यावर सोडणे उचित नव्हे. म्हणून या चिकित्सेचे तत्त्व, तिच्यासंबंधीचे प्रमाण व तिच्या मर्यादा यांचा येथे विचार करीत आहोत.

चिकित्सेचे तत्त्व

तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्‌प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व त्या क्षेत्रातील वाहक पदार्थात सूक्ष्म प्रवाह प्रेरित होतो. हा फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेला नियम होय. १९५७ मध्ये जपानमधील फुकादा व यासुदा यांनी अस्थीवर दाब पडला असता तीत विद्युत्‌भार उत्पन्न होतो, हे सिद्ध केले. या ज्ञानाच्या पार्श्वभूमीवर कोलंबिया विद्यापीठातील अस्थितज्ज्ञ अँड्र्यू बॅसेट यांनी न जुळणाऱ्या अस्थिभग्नावर स्पंदित क्षेत्राचा प्रयोग केला आणि १९७९ मध्ये अमेरिकी शासनाने त्या उपयोगास मान्यता दिली. ही मान्यता अस्थिभग्नासाठी होती, संधिगत वातासाठी नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

या उपचारात सामान्यतः ऊष्मा जाणवत नाही. त्यामुळे भौतिकोपचार केंद्रातील ऊतींना उष्णता देणाऱ्या डायथर्मीशी याची गल्लत करू नये, किंवा यास स्वेदनाचा पर्यायही समजू नये.

प्रमाण काय सांगते?

१९९४ मध्ये ट्रॉक व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या ८६ व मानेच्या ८१ रुग्णांवर, अर्ध्या तासाच्या १८ बैठकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वेदनेत उपशय दिसला. याउलट २००५ मध्ये डेन्मार्कमधील ८३ रुग्णांच्या अभ्यासात रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे उपचार देऊनही खरे यंत्र व निष्क्रिय यंत्र यांच्या गटांत वेदनेच्या बाबतीत लक्षणीय भेद आढळला नाही. २०१३ च्या कॉक्रेन समीक्षेने नऊ अभ्यासांतील ६३६ रुग्णांचा एकत्रित विचार केला. शून्य ते शंभर या वेदनामापनात निष्क्रिय यंत्रापेक्षा सुमारे १५ अंकांचा अधिक उपशय दिसला. परंतु चालणे, जिना चढणे यांसारख्या क्रिया व जीवनमान यांत निश्चित सुधारणा सिद्ध झाली नाही.

सारांश, काही रुग्णांना वेदनेत मध्यम आराम मिळू शकतो. झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

शास्त्रदृष्टीने स्थान

सुश्रुताचार्यांनी शल्याहरणाच्या उपायांत अयस्कांताचा समावेश केला आहे. तेवढ्यावरून चुंबकीय यंत्रांना आयुर्वेदाचा आधार आहे असे म्हणणे हा शास्त्राचा दुरुपयोग होय. तेथे चुंबकाचे कार्य लोहशल्य ओढून काढणे एवढेच आहे. स्नायु-संधि-अस्थिगत वातात त्यांनीच स्नेहन, उपनाह, अग्निकर्म व बंधन हे उपाय सांगितले आहेत. स्थूल रुग्णात वजन कमी करणे, मांडीच्या पुढील स्नायूंचा नियमित व्यायाम आणि जानुबस्ती यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. आमच्या एका वृद्ध रुग्णाने साठवलेले पैसे चुंबकीय गादीवर खर्च केले आणि ‘आता गादी आहे’ म्हणून व्यायाम सोडला. सहा महिन्यांनी तो आला तेव्हा मांडीचे स्नायू कृश झाले होते. त्याची हानी यंत्राने नव्हे, तर यंत्रावरील भाबड्या विश्वासाने केली होती.

सावधानता

हृदयगतिनियंत्रक (पेसमेकर), शरीरात बसविलेला डिफिब्रिलेटर, इन्शुलिन पंप किंवा कर्णांतर्गत रोपण असल्यास हा उपचार देऊ नये. गर्भिणी व अर्बुदाचे रुग्ण यांनाही तो वर्ज्य मानावा. सांधा लाल व उष्ण असेल, ज्वर असेल, किंवा रात्री विश्रांतीतही वेदना थांबत नसेल, तर प्रथम निदान करावे. केवळ वेदना दाबून चालणार नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

स्थिर चुंबकाचे पट्टे व कडी ही स्पंदित क्षेत्राची यंत्रे नव्हेत. २००९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्कच्या संशोधकांनी ४५ रुग्णांवर केलेल्या चाचणीत चुंबकीय कड्याचा विशेष लाभ दिसला नाही. एकाचे प्रमाण दुसऱ्याच्या विक्रीसाठी वापरणे योग्य नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. म्हणून पुरवठादाराकडून नोंदणी अथवा परवान्याचा क्रमांक मागून घ्यावा. ‘संधिवात समूळ बरा’ असे फलक दुकानात लावू नयेत. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात संधिवाताचा समावेश आहे.

आमचे नम्र मत असे की, रुग्णास परवडत असल्यास व वर्ज्य अवस्था नसल्यास, मूळ चिकित्सेस जोड म्हणून ठरावीक मुदतीपुरता हा उपचार घेऊ द्यावा. आरंभी व अंती वेदनेचे अंक आणि चालण्याचे अंतर नोंदवावे. फरक नसेल तर थांबवावे आणि तसे रुग्णास स्पष्ट सांगावे. वैद्यावरील विश्वास टिकतो तो अशाच स्पष्टतेने.