नायकाविना कथा : 'फायनल फँटसी ६'मधील पात्रसमूह

कथावाङ्मयाच्या विचारात 'नायक' ही संज्ञा इतकी रूढ झाली आहे की, तिच्यावाचून कथेची मांडणी होऊ शकते हे सहसा ध्यानात येत नाही. अनेक पात्रे असणे आणि अनेक नायक असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या प्रकारात पात्रे कितीही असोत, ती एका मध्यवर्ती व्यक्तीच्या सुखदुःखाची साधने असतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाला स्वतःचा भूतकाळ, स्वतःचे शल्य आणि स्वतःची वाणी असते. कथेचा भार आळीपाळीने सर्वांच्या खांद्यांवर येतो. या दुसऱ्या प्रकाराला बहुनायकी कथा म्हणता येईल.

लोकस्मृतीचा कल मात्र पहिल्या प्रकाराकडेच असतो. बंगळूरनजीकच्या देवनहळ्ळीचे उदाहरण पाहावे. मल्लबैरे गौडाने १५०१ साली येथे मातीचा किल्ला बांधला; १७४९ मध्ये म्हैसूरच्या सैन्याने त्याला वेढा घातला; पुढे दगडी तटबंदी झाली; १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने तो घेतला. इतक्या पिढ्यांच्या या गावाची सर्वत्र ओळख उरली ती टिपू सुलतानाचे जन्मस्थान एवढीच. परंतु याच गावाचे नाव आपल्या नावाच्या आरंभी धारण करणारे कन्नड साहित्यिक देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा (१८८७–१९७५) यांनी 'ज्ञापक चित्रशाळे' या आठ खंडांच्या स्मृतिमालेत नेमकी उलट वाट धरली. तेथे दिवाण आहेत, वैदिक आहेत, कलावंत आहेत, सामान्य सज्जन आहेत; एका पुरुषाभोवती फिरणारा इतिहास नसून व्यक्तींची मालिका आहे. एकाच स्थळनामाशी निगडित असलेल्या या दोन स्मृतिपद्धती प्रस्तुत विषयाच्या दोन टोकांसारख्या आहेत.

बहुनायकी कथेचा एक महत्त्वाचा आधुनिक प्रयोग जपानी व्हिडिओ गेममध्ये झाला, ही गोष्ट वाङ्मयसमीक्षेने दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्याला भूमिका-खेळ म्हणतात त्या प्रकारात खेळणारा एका लहान पथकाचे नेतृत्व करतो, गावोगाव हिंडतो, संवाद वाचतो, लढाया लढतो. तीसचाळीस तासांची ही एक प्रदीर्घ कथाच असते. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये एकटा वीर होता. १९९० मधील त्याच मालिकेच्या चौथ्या भागात निरनिराळ्या पात्रांना स्वतंत्र अध्याय मिळाले, तरी शेवटी ती सारी एका नियोजित वीराभोवती गोळा झाली. २ एप्रिल १९९४ रोजी स्क्वेअर या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या 'फायनल फँटसी ६'ने हे केंद्रच काढून टाकले. योशिनोरी कितासे व हिरोयुकी इतो हे त्याचे दिग्दर्शक आणि हिरोनोबु साकागुची हे निर्माते. प्रत्येक पात्र नायक व्हावे, हा हेतू आरंभापासून होता. इतकेच नव्हे, तर पात्रांच्या उपकथा रचण्याचे कामही वेगवेगळ्या व्यक्तींनी वाटून घेतले. समूहाची कथा समूहानेच लिहिली.

या खेळात चौदा पात्रे आहेत. टेरा ही अर्धमानवी तरुणी आरंभी शिरोबंधनाच्या योगाने साम्राज्याची दासी झालेली आहे. आपल्याला प्रेम करता येते की नाही, हेच तिला ठाऊक नाही. लॉक हा एका मृत प्रेयसीच्या अपराधगंडाने पछाडलेला आहे. सेलीस ही साम्राज्याविरुद्ध उठलेली सेनानी. एडगर व साबिन हे जुळे राजपुत्र. एकाने सिंहासन पत्करले, दुसऱ्याने ते सोडले. सायन या वृद्ध योद्ध्याचा सारा किल्ला, पत्नी व पुत्रासह, पाण्यात कालवलेल्या विषाने मेला. आणखी आहेत ते रानात वाढलेला मुलगा गाऊ, जुगारी सेट्झर, भाडोत्री मारेकरी शॅडो, म्हातारा स्ट्रॅगो आणि चित्रे काढणारी बालिका रेल्म.

येथे स्वभावचित्रण केवळ संवादांतून होत नाही. ते कृतीच्या रीतीतूनही होते, आणि हे या माध्यमाचे खास सामर्थ्य होय. सेट्झर लढतो तो जुगाराच्या यंत्राची चक्रे फिरवून. विजय की विनाश, हे चक्रांवर अवलंबून. सायनचे खड्गकौशल्य वापरताना खेळणाऱ्याला थांबावे लागते. जितका धीर धरावा तितका प्रहार मोठा. वृद्धाचा संयम येथे वर्णिलेला नाही, तो वाचकाकडून आचरून घेतला आहे. नोबुओ उएमात्सु यांनी प्रत्येक पात्राला स्वतंत्र स्वरधून दिली आणि समाप्तीच्या संगीतात त्या एकामागून एक गुंफल्या.

तथापि या रचनेचे खरे मर्म मध्यावर आहे. सामान्यतः अशा कथेचा शेवट जगाच्या रक्षणाने होतो. येथे केफ्का हा उन्मत्त दरबारी आपल्याच सम्राटाला मारतो आणि कथेच्या अर्ध्यावरच जग उद्ध्वस्त करतो. पथक विखुरते. वर्षभराने सेलीस एका ओसाड बेटावर जागी होते. सोबतीला फक्त आजारी वृद्ध सिड. त्याला कोणते मासे खाऊ घातले यावर तो जगतो वा मरतो, आणि तो मेल्यास ती कड्यावरून उडी टाकते. ती वाचते, एका पक्ष्याच्या अंगावर तिला लॉकचे फडके दिसते आणि कोणीतरी जिवंत असेल या आशेने ती तराफ्यावरून निघते.

यापुढे कथा कोणालाही बांधून ठेवीत नाही. शेवट गाठण्यास सेलीस, एडगर आणि सेट्झर एवढे तिघे पुरतात. उरलेल्यांना शोधावे की न शोधावे, हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर आहे. ज्याने शोधले नाही त्याला टेरा एका उजाड गावात पोरक्या मुलांना सांभाळताना, लढण्याची शक्ती गमावलेली, कधीच भेटणार नाही. एका युवतीला तिच्या मृत प्रियकराच्या नावे पत्रे आणि कृत्रिम फुले पाठविणारा सायन त्याला दिसणार नाही. शॅडोचे तर आणखी कठोर आहे. जग कोसळण्याच्या क्षणी त्याच्यासाठी शेवटच्या काही सेकंदांपर्यंत थांबले नाही, तर तो कायमचा गेला. रेल्म ही त्याचीच मुलगी असावी, हे कोठेही उघड सांगितलेले नाही. तो पथकात असताना धर्मशाळेत मुक्काम केला, तरच त्याच्या स्वप्नांतून ते सूचित होते.

समूहकथेची कसोटी येथे सापडते. एखादे पात्र वगळूनही कथानक पुढे सरकते, आणि तरीही त्याची उणीव बोचते, तेव्हाच ते पात्र कथानकाचे साधन न राहता व्यक्ती झालेले असते. ज्याच्यावाचून कथा अडते त्याला शोधण्यात कर्तव्य असते. ज्याच्यावाचून ती अडत नाही त्याला शोधण्यात स्नेह असतो. या खेळाने आपला उत्तरार्ध या दुसऱ्या भावनेवर उभारला आहे.

मराठी वाचकाला येथे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चे (१९५५) स्मरण व्हावे. तेथेही निवेदक मास्तर असला तरी नायक वाडीच आहे, आणि दुष्काळाने तीही विखुरते. परंतु माडगूळकरांची कथा त्या पांगापांगीवर थांबते. वास्तववादाला तीच वाट प्रामाणिक होती. जपानी खेळ पांगापांगीपासून पुन्हा आरंभ करतो. चिनी 'शुइहू जुआन'वरून स्फुरलेल्या १९९५ च्या 'गेन्सो सुइकोदेन'मध्ये एकशेआठ जण गोळा करावयाचे असतात. तेथे समूहाचा आनंद बेरजेचा आहे. 'फायनल फँटसी ६'मध्ये आधी वजाबाकी झालेली असते, म्हणून प्रत्येक भेटीला पुनर्भेटीचे मोल येते.

दोष नाहीत असे नव्हे. अनुकरण करणारा गोगो आणि हिममानव उमारो यांना स्वतंत्र कथा जवळपास नाही. ती संख्येची भर वाटते. उत्तरार्धात बहुतेक पात्रांना जवळजवळ सर्व मंत्र शिकविता येत असल्याने कृतीतून साधलेले वेगळेपणही पुसट होत जाते.

शेवटी भाषांतराचा प्रश्न. टेड वूल्सी यांनी या खेळाचा पहिला इंग्रजी अनुवाद सुमारे तीस दिवसांत केला. यंत्रातील जागा अपुरी असल्यामुळे मजकूर छाटावा लागला. मूळच्या 'टीना'ची 'टेरा' झाली, कारण जपानी कानाला अनोखे वाटणारे ते नाव अमेरिकेत घरोघरचे होते. पात्रसमूह मोठा असला की, भाषांतरकाराचे पहिले काम अर्थ सांगणे नसून आवाज वेगळे ठेवणे हे असते. जपानीत प्रथमपुरुषी सर्वनामेच अनेक आहेत. केफ्काचे 'बोकुचिन' लाडावलेल्या पोराचे आहे. सायन जुन्या सामुराईंच्या 'गोझारु' वळणाने बोलतो. वूल्सींनी त्याला जुनाट इंग्रजी दिली, आणि गाऊने त्या सर्वनामावरूनच त्याला 'मिस्टर दाऊ' म्हटले.

मराठीपाशी 'मी' एकच आहे; परंतु तू, तुम्ही, आपण ही श्रेणी आहे, क्रियापदातील लिंगभेद आहे, बखरीचे वळण आहे आणि प्रदेशपरत्वे बदलणारी बोली आहे. सायनला बखरीची भारदस्त वाणी, गाऊला अर्धवट शब्दांची बालभाषा आणि एडगरला दरबारी अदब देता येईल. मराठीत असा अनुवाद करू पाहणाऱ्याने चौदा व्यक्तींना एकाच प्रमाणभाषेत बोलावयास लावले, तर नायक एक नसूनही आवाज एकच उरेल आणि मूळ रचनेने टाळलेले केंद्र भाषेच्या वाटेने परत येईल.