माशांना औषधाची आंघोळ

आजारी मासा आधी खाणं सोडतो. मग खाद्यात मिसळलेलं प्रतिजैविक त्याच्या पोटात जाणार कसं? अशा वेळी औषध टाकीच्या पाण्यात विरघळवून मासे ठरावीक वेळ त्यात ठेवतात. ‘कॉलम्नॅरिस’ रोगाच्या सुरुवातीला याचा उपयोग होऊ शकतो. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर हा त्याचा जिवाणू बहुधा कातडी, पर आणि कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे औषध थेट जखमेला भिडतं.

संसर्ग रक्तात उतरला, की गणित बदलतं. गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसं पीत नाही. औषधाला आत शिरायला मुख्यतः कल्ल्यांचीच वाट उरते. समुद्री मासा भरपूर पाणी पितो, पण तिथे वेगळीच अडचण. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटतं आणि त्याचा जोर ओसरतो. क्षारांनी जड झालेल्या विहिरीच्या पाण्यातही तेच घडतं. शिवाय उजेडानेही हे औषध विघटित होतं.

औषध शत्रू-मित्र ओळखत नाही. जैवगाळणीत अमोनियाचा निचरा करणारे जिवाणूही त्याने मरू शकतात. म्हणून उपचार वेगळ्या टाकीत करावा. वापरलेलं पाणी ओढ्यात सोडलं, तर त्यातल्या अल्प मात्रेला पुरून उरणारे जिवाणूच फोफावतात.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना भारतातील मत्स्यशेतीत बंदीच आहे. इतर औषधंही प्रयोगशाळेत जिवाणू तपासून, तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच वापरावीत. टाकीतली गर्दी कमी करणं आणि पाणी स्वच्छ राखणं मात्र आजपासूनच जमेल.