समजून घ्या : माळरानावर गोल्फचा एक राउंड, कस खेळाडूचा लागतो आणि पाण्याचाही!

तेरखेडा म्हटले की मराठवाड्याला फटाके आठवतात. धुळे-सोलापूर महामार्गावरचे, वाशी तालुक्यातले हे गाव बालाघाटच्या पठारावर आहे. खाली काळा पाषाण, वर मुरूम आणि हलकी जमीन, उन्हाळ्यात पिवळे पडणारे गवत. इथे गोल्फचे मैदान नाही. मात्र अशाच चढ-उताराच्या जमिनीवरचा गोल्फ अवघड समजला जातो. तो अवघड का असतो? त्यासाठी हिरवळ लागतेच का? आणि दुष्काळाच्या पट्ट्यात हा खेळ परवडेल का?

एक राउंड म्हणजे काय?

गोल्फच्या पूर्ण राउंडमध्ये 18 होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात ‘टी’ या जागेवरून होते आणि शेवट ‘ग्रीन’वरच्या 108 मिलिमीटर व्यासाच्या खड्ड्यात. मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, बाजूचे वाढलेले गवत म्हणजे रफ आणि वाळूचे खड्डे म्हणजे बंकर.

निष्णात खेळाडूला एखादा होल पूर्ण करायला जितके फटके लागावेत अशी अपेक्षा असते, त्याला ‘पार’ म्हणतात. साधारणपणे तो 3, 4 किंवा 5 असतो. बहुतेक मोठ्या मैदानांचा एकूण पार 70 ते 72 असतो. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. ज्याचे फटके कमी, तो जिंकला.

खेळाडूला जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे काठ्या, सोबत ठेवता येतात. चौघांच्या गटाला राउंड पूर्ण करायला चार-साडेचार तास लागतात.

डोंगरउतारावर खेळ का बिघडतो?

पहिले कारण म्हणजे पायाखालची जमीन. सपाट जागी चेंडू आणि पाय एकाच पातळीवर असतात. उतारावर चेंडू पायांपेक्षा वर असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे वळतो. चेंडू खाली असेल, तर तो उजवीकडे जातो. काठी तीच, ताकद तीच, पण चेंडू भलतीकडेच!

दुसरे कारण उंचीतील फरक. समोरचे ग्रीन 150 मीटरवर असले, पण 10 मीटर उंचावर असले, तर फटका साधारण 160 मीटरचा धरून मारावा लागतो. खाली उतरताना हिशेब उलटा.

तिसरे कारण हवा. उंचावर हवा विरळ होते, तिचा अडथळा कमी होतो. बालाघाटसारख्या सुमारे 600 मीटर उंचीच्या पठारावर 200 मीटरचा फटका समुद्रकिनाऱ्यापेक्षा अंदाजे चार-पाच मीटर पुढे जातो. उघड्या माळावरचा वारा मात्र तो फायदा एका झुळकीत काढून घेतो.

आणि झुडपात चेंडू हरवला तर? शोधायला फक्त 3 मिनिटे मिळतात. तेवढ्यात सापडला नाही, तर एक दंडाचा फटका घेऊन आधीच्या जागेवरून पुन्हा खेळावे लागते.

मैदान किती अवघड, हे मोजतात कसे?

त्यासाठी ‘स्लोप रेटिंग’ नावाचा आकडा आहे. तो 55 ते 155 दरम्यान असतो आणि सरासरी मैदानासाठी 113 धरला जातो. उत्तम खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला एखादे मैदान किती जास्त त्रास देईल, हे त्यावरून कळते.

समजा, एखाद्या हौशी खेळाडूचा हँडिकॅप निर्देशांक 18 आहे. 113 स्लोपच्या मैदानावर त्याला साधारण 18 फटक्यांची सवलत मिळते. 140 स्लोपच्या मैदानावर 18 ला 140 ने गुणून 113 ने भागायचे, म्हणजे सुमारे 22. सवलतीत अशी वाढ होत असल्याने नवखा आणि मुरलेला खेळाडू एकाच मैदानावर बरोबरीने खेळू शकतात.

महाराष्ट्रात असा अनुभव कुठे मिळतो?

पुण्याजवळ बावधन-लवळे परिसरातला ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचा 18 होलचा कोर्स डोंगरउतारावर आहे. नवी मुंबईत खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने सुमारे 103 हेक्टरवर गोल्फ कोर्स उभारला. 2012 मध्ये तो 11 होलसह सुरू झाला. क्लबचे सभासदत्व नसलेल्यांनाही शुल्क भरून तिथे खेळता यावे, ही त्यामागची कल्पना.

तेरखेड्यात असे मैदान केले, तर पाणी किती?

हा हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे 10 हजार लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला रोज 5 मिलिमीटर पाणी लागते असे धरू. 18 होलच्या मैदानातला 20 हेक्टर भाग हिरवा ठेवायचा, तर रोज 10 लाख लिटर पाणी हवे. म्हणजे 10 हजार लिटरचे 100 टँकर.

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटरचा निकष आहे. त्या हिशेबाने हेच पाणी 18 हजार लोकांना पुरेल. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हे या भागातला कोणीच विसरलेला नाही.

आता फक्त ग्रीन हिरवे ठेवले तर? प्रत्येकी 500 चौरस मीटरची 18 ग्रीन म्हणजे 0.9 हेक्टर. रोजची गरज 45 हजार लिटरवर, म्हणजे साडेचार टँकरवर येते. फरक खेळाचा नाही, हौसेचा आहे.

हिरवळीशिवाय गोल्फ होतो?

होतो. भारतात लष्करी छावण्यांच्या आणि लहान गावांच्या अनेक मैदानांवर ग्रीनऐवजी ‘ब्राऊन’ वापरली जात. बारीक वाळूत तेल मिसळून ती दाबायची आणि चेंडू ढकलण्यापूर्वी वाट सपाट करून घ्यायची. पाणी जवळपास शून्य. मात्र तेल जमिनीत मुरण्याचा धोका असतो, त्यामुळे ही पद्धत डोळे झाकून स्वीकारण्यासारखी नाही.

ऑस्ट्रेलियात कूबर पेडी या खाणींच्या गावातले मैदान जवळपास गवताविना आहे. खेळाडू कृत्रिम गवताचा छोटा तुकडा सोबत बाळगतात आणि त्यावर चेंडू ठेवून फटका मारतात. त्याच देशात 2009 मध्ये सुरू झालेले ‘नलारबोर लिंक्स’ हे मैदान महामार्गाच्या कडेने 1,365 किलोमीटर पसरले आहे. एक होल एका गावात किंवा ढाब्यासारख्या थांब्यावर, दुसरा पुढच्या. मधला फेअरवे म्हणजे तिथले मूळ झुडपी रान.

गावच्या पोरांना यात काय?

गोल्फ श्रीमंतांचा खेळ आहे, हे बऱ्याच अंशी खरे. पण इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे दिल्लीतल्या मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारे होते. 1991 मध्ये त्यांनी ही स्पर्धा जिंकली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुण्याचे उदयन माने खेळले आणि अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकले, ती चौथी आली. मैदान जवळ असेल आणि त्याचे फाटक उघडे असेल, तर संधी मिळते.

जमीन कोणाची, हा खरा प्रश्न

माळरान रिकामे दिसते, पण ते रिकामे नसते. या जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी अशाच रानात चरते. गायरानावर अनेक घरांचा संसार चालतो. त्यामुळे कुठेही असा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेने तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. पाणी कुठले? जमीन कोणाची? आणि गावाला तिथे जाता येईल का?

स्कॉटलंडमध्ये गोल्फ वाढला तोही मेंढ्या चरणाऱ्या सामाईक माळावर. सेंट अँड्र्यूजचे सर्वांत प्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’ मैदान आजही सार्वजनिक जमिनीवर आहे. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी त्याच हिरवळीवर फिरायला येतात. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या मैदानाला हे जमते, तर इतरांनाही जमायला हरकत नाही.