जलद असावे, घाई नसावी

‘जलद’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. मुंबईच्या स्टेशनवर जलद लोकलची घोषणा होते, घरात मुलांना ‘जलद आवरा’ म्हणून सांगितले जाते. संस्कृतातला ‘जलद’ म्हणजे ढग. तो शब्द वेगळा. आपला ‘जलद’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. पुस्तकाची ‘जिल्द’ही त्याच धातूची; तिचा मूळ अर्थ कातडी. अरबीत ‘जल्द’ म्हणजे काटक, कणखर माणूस आणि ‘जलद’ म्हणजे त्याचा कणखरपणा. फारसीत त्याला चपळाईचा अर्थ आला. आपल्यापर्यंत येता येता नुसता वेग उरला, कणखरपणा मागे राहिला.

हा मूळ अर्थ हदीसमध्ये भेटतो. हिजरी ७ मध्ये पैगंबर मुहम्मद (स.) साथीदारांसह उमऱ्यासाठी मक्केत आले. मदीनेच्या तापाने हे लोक खंगले आहेत, अशी कुजबुज मक्केत चालली होती. तेव्हा प्रेषितांनी साथीदारांना तवाफच्या पहिल्या तीन फेऱ्यांत खांदे हलवत, जवळजवळ पावले टाकत भरभर चालायला सांगितले. हेतू हा, की पाहणाऱ्यांना त्यांचा ‘जलद’ दिसावा. हदीसमध्ये हाच शब्द आहे. मात्र सातही फेऱ्या तसे चालायला सांगितले नाही, कारण साथीदारांना त्रास होऊ नये. या चालीला ‘रमल’ म्हणतात आणि पुरुषांसाठी ती आजही सुन्नत आहे. पण गर्दीत इतरांना धक्का लागत असेल तर ती सोडून साधे चालावे, असे उलमा सांगतात.

म्हणजे जलद चालणे वेगळे आणि घाई करणे वेगळे. जलद चालणाऱ्याच्या अंगात ताकद असते आणि मनात इतरांचा विचार असतो. घाई करणाऱ्याला फक्त काम उरकायचे असते.

दीनने दोन्हींच्या जागा ठरवून दिल्या आहेत. सूर्य मावळताच इफ्तार करावा, जनाजा रेंगाळत ठेवू नये, मजुराची मजुरी घाम सुकण्याआधी द्यावी. पण इकामत ऐकली तरी जमातकडे धावत सुटू नये, शांतपणे चालत यावे. एकाने नमाज भराभर उरकली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला परत जाऊन पुन्हा नमाज पढायला सांगितले. तीनदा असे झाल्यावर रुकू आणि सजद्यात स्थिर कसे व्हावे, हे त्याला समजावले.

आपण नेमके उलटे करतो. तरावीह कुठे लवकर संपते याची चौकशी करतो आणि घरकाम करणाऱ्या बाईचा पगार मात्र ‘उद्या घे’ म्हणून लांबवतो. मुलाला ‘जलद नमाज पढ आणि अभ्यासाला बस’ असे आपणच सांगतो; मग सजद्यात त्याचे कपाळ जेमतेम टेकते. त्याऐवजी ‘अजान झाली, जलद वुजू कर आणि नमाज सावकाश पढ’ असे सांगू या. मुलांच्या कानावर दोन्ही शब्द पडले, तर कुठे पाऊल उचलायचे आणि कुठे थांबायचे हे ती घरातच शिकतील, इन्शाअल्लाह.