आडनावाचा पासवर्ड

‘तिला काय, बाबांचीच कंपनी!’ कुणी तरुण मुलगी डायरेक्टर झाली की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला विचाराल तर शंका रास्तच आहे. पण हा आडनावाचा पासवर्ड मुलींना दर वेळी चालतोच असं नाही हं!

आधी कायद्याचं बघू. २०१३च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डावर किमान एक स्त्री सक्तीची केली. मग काय, २०१५च्या मार्चअखेरीस एकच धावपळ! अनेक प्रमोटरांनी घरातल्याच बायकोला, मुलीला, बहिणीला खुर्ची देऊन टाकली. नियम पाळला गेला, सत्ता घरातच राहिली. शेवटी ‘सेबी’ने चाप लावला. एप्रिल २०१९पासून पहिल्या ५०० आणि एप्रिल २०२०पासून पहिल्या १००० कंपन्यांत एक तरी स्त्री ‘इंडिपेंडंट’ डायरेक्टर हवी. म्हणजे घरची चालणार नाही.

पण घरची म्हणजे नामधारीच का? आपल्या पुण्याच्या थरमॅक्सचं उदाहरण घ्या. १९९६मध्ये रोहिंटन आगा अचानक गेले आणि त्यांच्या पत्नी अनु आगा अध्यक्ष झाल्या. खुर्ची नात्याने आली, पण त्याआधी कंपनीचं एचआर त्याच सांभाळत होत्या. पुढे शेअर कोसळला, तेव्हा त्यांनी बाहेरचे कन्सल्टंट आणले, बोर्डाची फेररचना केली आणि गाडी रुळावर आणली. २००४मध्ये सूत्रं मुलीकडे, मेहेर पदमजींकडे गेली. त्या केमिकल इंजिनियर, आणि तोवर कंपनीत चौदा वर्षं काढलेल्या.

आता दुसरं टोक. चेन्नईच्या मुरुगप्पा घराण्यातल्या वल्ली अरुणाचलम न्यूक्लियर इंजिनियरिंगमधल्या पीएचडी. वडील २०१७मध्ये गेले. होल्डिंग कंपनीत त्यांच्या शाखेचा ८ टक्क्यांहून जास्त हिस्सा. २०२०मध्ये बोर्डावरच्या जागेसाठी मतदान झालं आणि तब्बल ९१ टक्के मतं विरोधात पडली! मुलगी म्हणून डावललं, हा त्यांचा आरोप. २०२३मध्ये कुटुंबात समझोता झाला.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये दिला. पण वाटा कायद्याने मिळतो, खुर्ची मात्र घरातल्यांच्या मतांनी.

तेव्हा ‘ती कुणाची मुलगी?’ हे जरूर विचारा. सोबत ‘याआधी कंपनीत काय करत होती?’ हेही विचारा. आणि घरी बिझनेस असलेल्या मैत्रिणींनो, लग्नाची यादी करण्याआधी बाबांकडून एकदा शेअरहोल्डर्सची यादी मागून घ्या!