दोनशे वर्षांनंतरचा किरणोत्सार

'फॉलआउट ३' हा संगणकावरील खेळ २००८ साली निघाला. त्याची कथा घडते २२७७ साली, अणुयुद्धाला दोनशे वर्षे उलटल्यावर, वॉशिंग्टनच्या उजाड परिसरात. खेळाडू पाण्यात उतरला की गायगर काउंटर कडकडू लागतो. हे खरे का, असे विद्यार्थ्याने विचारले तर आपण काय सांगावे?

अणुस्फोटानंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीलाच 'फॉलआउट' म्हणतात. तिच्यात अनेक द्रव्ये असतात व प्रत्येकाचे अर्धायुष्य निराळे: आयोडीन-१३१ चे ८ दिवस, सीझियम-१३७ चे ३० वर्षे. अल्पायुषी द्रव्ये आधी संपतात, म्हणून सुरुवातीची घट वेगाने होते. ढोबळ नियम असा: काळ सातपट झाला की तीव्रता एकदशांश होते. स्फोटानंतर एका तासाने ती १००० मानली, तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १० आणि सुमारे दोन आठवड्यांनी १ उरते. म्हणूनच सुरुवातीचे दिवस जाड भिंतींच्या आड काढणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

दोनशे वर्षांनी सीझियमसुद्धा सुमारे शंभरावा भागच उरेल. खेळात औषध घेताच बाधा नाहीशी होते, तेही खरे नव्हे. 'प्रशियन ब्लू' शरीरातील सीझियम बाहेर टाकण्यास मदत करते, पण पेशींना झालेली इजा भरून काढत नाही.

वर्गात शंभर नाणी उधळून छापा पडलेली बाजूला काढावीत; उरलेली पुन्हा उधळावीत. एक फेरी म्हणजे सीझियमची ३० वर्षे. सातव्या फेरीअखेर एखादेच नाणे उरेल, कदाचित तेही नाही. मग उत्तर आपण सांगायची गरज उरणार नाही.