जुना टीव्ही दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

भात घरात आले आणि दोन पैसे हातात आले की शहापूर-मुरबाडकडच्या घरांतून दोन खरेद्या निघतात. एक कपड्यांची आणि दुसरी घरातल्या एखाद्या मोठ्या वस्तूची. या दुसऱ्या खरेदीत टीव्हीचा नंबर बराच वर असतो, कारण पावसाळ्यात बंद पडलेला टीव्ही तोवर कोपऱ्यात कापड टाकून झाकून ठेवलेला असतो. माझा धंदा कापडाचा आहे, टीव्हीचा नव्हे. परंतु गादीवर बसून गिऱ्हाइकांचे हिशेब ऐकताना एक गोष्ट नेहमी जाणवते. कापडाच्या मीटरमागे पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस बारा हजारांचा टीव्ही पाच मिनिटांत पसंत करतो, आणि तोही हप्त्यावर. घरातल्या जुन्या टीव्हीला नेमके काय झाले होते, हे विचारले तर त्याला सांगता येत नाही.

व्यापारात जुना माल विकावा, सुधारावा की मोडीत काढावा याचा एक हिशेब असतो. तोच हिशेब घरच्या टीव्हीला लावला तर पुष्कळ पैसा वाचतो. तो कसा लावायचा ते या लेखात पाहू.

बिघाड टीव्हीतच आहे का?

पहिली गोष्ट म्हणजे बंद पडलेला प्रत्येक टीव्ही बिघडलेला नसतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे खेड्यांत टीव्ही आले तेव्हा बांबूवर अँटेना बांधून तो फिरवत बसावे लागे. चित्र नीट दिसले नाही की लोक आधी अँटेनाकडे पाहत. आता ते दिवस संपले. दूरदर्शनने आपले जुन्या पद्धतीचे अ‍ॅनालॉग ट्रान्समिटर टप्प्याटप्प्याने बंद केले आणि २०२२ पर्यंत हे काम जवळजवळ पूर्ण झाले. आज आपल्या भागात चित्र येते ते छत्रीतून किंवा केबलच्या सेट-टॉप बॉक्समधून. म्हणजे टीव्हीच्या अलीकडे छत्री, तिच्यावरचा एलएनबी, वायर, बॉक्स आणि बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर इतक्या वस्तू आल्या. यांपैकी एकही बिघडली तर पडदा कोरा राहतो आणि दोष टीव्हीला दिला जातो.

म्हणून कारागिराकडे जाण्यापूर्वी घरीच एवढे करावे. टीव्ही चालू होतो, पण पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते, तर टीव्ही बहुधा ठीक आहे. छत्री वाऱ्याने हलली आहे का, वायरच्या टोकात पाणी शिरले आहे का, ते पाहावे. बॉक्सचा दिवाच लागत नसेल तर अ‍ॅडॉप्टर बदलून पाहावा. शेजाऱ्याचा बॉक्स आणून आपल्या टीव्हीला लावला तर पाच मिनिटांत निकाल लागतो. रिमोटचे सेल, प्लगची सैल पिन आणि भिंतीवरचा बोर्ड हेही तपासावे. या सगळ्या शंभर-दोनशे, फार तर पाचशे रुपयांच्या गोष्टी आहेत.

रफू कुठे चालतो, कुठे चालत नाही

आता खरोखरच टीव्ही बिघडला आहे असे धरू. कापडाच्या धंद्यातला साधा नियम असा की कापड मजबूत असेल तर फाटलेल्या जागी रफू करावा, शिवण उसवली असेल तर शिवून घ्यावी. पण कापडच विरले असेल तर टाका धरत नाही, तिथे मजुरी घालणे म्हणजे फिजूलखर्ची. आजच्या एलईडी टीव्हीत हे कापड म्हणजे पॅनल, अर्थात समोरचा पडदा. बाकी पॉवर सप्लाय, मेन बोर्ड, बॅकलाइटच्या पट्ट्या, स्पीकर ही सगळी शिवण आहे.

काही खुणा साध्या माणसालाही ओळखता येतात.

टीव्हीचा दिवाच लागत नाही, काहीच हालचाल नाही, तर पॉवर सप्लायचा दोष असण्याचा संभव जास्त. त्यातला फुगलेला कंडेन्सर किंवा फ्यूज बदलून काम होते, नाहीतर पूर्ण बोर्ड बदलावा लागतो. दोन्ही गोष्टी सहसा परवडतात.

आवाज येतो, पण चित्र नाही, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकी बॅटरी मारावी. अगदी फिकट चित्र हलताना दिसले तर पॅनल जिवंत आहे, फक्त मागच्या उजेडाच्या पट्ट्या गेल्या आहेत. हे दुरुस्त होते. मात्र पट्ट्या बदलायच्या तर पूर्ण संच बदलून घ्यावा. एकच पट्टी बदलली तर काही महिन्यांनी दुसरी जाते आणि मजुरी पुन्हा द्यावी लागते.

पडद्यावर तडा आहे, शाईसारखा डाग पसरला आहे, किंवा उभ्या-आडव्या रेघा कायमच्या बसल्या आहेत, तर दोष बहुधा पॅनलचा. रेघा कधी आतल्या सैल पट्टीमुळे किंवा टी-कॉन नावाच्या छोट्या बोर्डामुळेही येतात, म्हणून तेवढे तपासून घ्यावे. पण पॅनलच गेले असेल तर तिथेच थांबावे. लहान टीव्हीच्या नव्या पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते, आणि स्वस्तात मिळणारे पॅनल बहुतेक दुसऱ्या बिघडलेल्या टीव्हीतून काढलेले असते.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही

आपल्या पाड्यांवर आणि वाड्यांवर अजूनही काही घरांत मोठ्या पाठीचा जुना टीव्ही आहे. बॉक्सची लाल-पांढरी-पिवळी वायर जोडली की तो आजही चालतो. दूरदर्शनची मोफत छत्रीसेवा २००४ मध्ये सुरू झाली, तिला महिन्याचे भाडे नाही. त्यामुळे बातम्या आणि मालिका एवढीच गरज असणाऱ्या घराला हा टीव्ही पुरतो.

त्याचेही दोष दोन जातींचे असतात. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ दिसली तर चित्र वर-खाली पसरवणारा भाग गेला आहे. हे काम थोडक्यात होते. चित्र बाजूंनी आकसले तर पॉवर सप्लायचा दोष असू शकतो, तेही होण्यासारखे. परंतु चित्र यायला पाच-दहा मिनिटे लागतात, आले तरी अंधुक आणि रंग फिके, तर पिक्चर ट्यूब म्हातारी झाली असे समजावे. नव्या ट्यूब आता बनत नाहीत, तेव्हा त्यावर एक रुपयाही घालू नये.

एक इशारा. हा टीव्ही घरी उघडू नये. रंगीत ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ आत साठून राहतो. हौशी हातांचे हे काम नाही.

वर्षाचा भाव काढा

दुरुस्तीचा आकडा ऐकून महाग की स्वस्त ठरवू नये. त्या पैशात टीव्ही आणखी किती वर्षे चालेल ते पाहावे आणि एका वर्षाचा भाव काढावा. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, वाचकांनी आपले घालावेत.

नवा ३२ इंची टीव्ही १२,००० रुपयांचा आणि तो आठ वर्षे चालला, तर वर्षाला १,५०० रुपये पडले. हा झाला आपला मापाचा गज.

बॅकलाइटच्या पट्ट्यांना १,८०० आणि नेण्या-आणण्याला २०० असे २,००० रुपये गेले, टीव्ही दोन वर्षे चालला, तर वर्षाला १,००० पडले. दुरुस्ती करावी.

पॅनलला ८,००० गेले आणि टीव्ही दोन वर्षे चालला, तर वर्षाला ४,००० पडले. नवा घ्यावा.

जुन्या ट्यूबच्या टीव्हीला ५०० रुपये लागले आणि तो एकच वर्ष चालेल असे धरले, तर वर्षाचे ५०० पडले. त्यात विजेचा फरक मिळवावा. जुना टीव्ही नव्यापेक्षा साधारण ४० वॅट जास्त खात असेल आणि रोज पाच तास चालत असेल तर वर्षाला ७३ युनिट जास्त लागतात. युनिटला सात रुपये धरले तर ५११ रुपये. एकूण १,०११ रुपये, म्हणजे तरीही गजाच्या आतच.

जुना टीव्ही घेताना किती पैसे घातले होते, हे या हिशेबात आणू नये. ते गेले. "एवढ्या महागाचा घेतला होता, टाकवत नाही," असे म्हणून पॅनलवर पैसे घालणारा आणखी पैसे घालवतो. आणि एकाच वर्षात तोच दोष दोनदा आला तर तिसऱ्यांदा दुरुस्ती करू नये.

नेण्या-आणण्याचा खर्च

शहरातल्या माणसाला हा खर्च दिसत नाही, आपल्याला दिसतो. डोळखांबकडचा माणूस शहापूर-आसनगावला उतरतो, टोकावड्याकडचा मुरबाडला. तिथे काम झाले नाही तर दोघांनाही कल्याण गाठावे लागते. मुरबाडला तर रेल्वेही नाही, सारा प्रवास रस्त्याचा. दोन फेऱ्यांचे भाडे आणि बुडालेला रोज धरला तर तीनशेची दुरुस्ती हजाराला पडते. म्हणून आधी बिघाडाचा आणि मागे चिकटवलेल्या मॉडेल नंबरच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर कारागिराला पाठवावा. सामान मिळते का आणि अंदाजे किती लागतील ते विचारावे, मगच टीव्ही उचलावा. पातळ टीव्ही नेहमी उभा, दोन बाजूंनी गोधडी लावून न्यावा. आडवा ठेवलेला टीव्ही जीपच्या एका धक्क्यात पॅनल गमावतो, आणि मग पाचशेचा बिघाड नवा टीव्ही घ्यायला लावतो.

कारागिराशी व्यवहार लेखी करावा. तपासणीचे किती, सामानाचे किती, मजुरी किती हे आधी ठरवावे. बदललेला भाग परत मागावा. बिलावर किमान तीन महिन्यांची हमी लिहून घ्यावी. चांगला कारागीर यास नकार देत नाही.

नवाच घ्यायचा ठरला तर

बिनव्याजी हप्ता हा शब्द नीट तपासावा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, व्याज कुठल्या तरी दुसऱ्या नावाने वसूल होते. समजा हप्त्याने टीव्ही १२,००० ला आणि वर प्रोसेसिंग फी ५०० रुपये. तोच टीव्ही रोखीने ११,३०० ला मिळत असेल तर १,२०० रुपये हप्त्याचे झाले, मग त्याला नाव काहीही द्या. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी तर हा प्रश्न दुकानात आधीच विचारावा. ज्यांचे उत्पन्न भातावर किंवा वीटभट्टीच्या हंगामावर आहे, त्यांचा पैसा दर महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. हप्ता चुकला की दंड लागतो. अशा घराने हजार रुपयांची दुरुस्ती करून एक हंगाम काढला आणि पुढच्या वर्षी रोखीने टीव्ही घेतला, तर तो शहाणपणाचा व्यवहार.

जीएसटी कमी झाली म्हणून आताच घ्या, असेही सांगितले जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, हे खरे. पण ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर २०१९ पासून १८ टक्केच आहे. दहा बाय दहाच्या खोलीसाठी केवळ कर उतरला म्हणून मोठा टीव्ही घेण्यात काही किफायत नाही.

पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी कार्डावर शिक्का व तारीख घालून घ्यावी. वॉरंटीत दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.

जुन्याची विल्हेवाट आणि नव्याची काळजी

एक्स्चेंजमध्ये जुना टीव्ही देताना आधी एक्स्चेंजशिवायचा भाव विचारावा. दोन भावांतला फरक हीच जुन्याची खरी किंमत. जुना ट्यूबचा टीव्ही उकिरड्यावर फोडू नये, त्याच्या काचेत शिसे असते. ते माती-पाण्यात उतरते, आणि भातसा, तानसाचे पाणी आपल्याच तालुक्यातून जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्ही येतो, आणि तो अधिकृत पुनर्वापर केंद्रापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विकत घेताना दुकानदाराला त्याबद्दल विचारावे.

शेवटी, दुरुस्त केलेला असो वा नवा, टीव्हीला वाचवण्याचा उपाय फुकट आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागण्याआधी टीव्हीचा प्लग काढावा, आणि छत्रीची वायरही बॉक्समधून काढावी. बरेच लोक फक्त बटण बंद करतात आणि वीज वायरमधून आत येते. एकाच वाडीत एकदम चार घरांचे टीव्ही जळाले तर ते योगायोगाने नसते. बहुधा न्यूट्रल तुटून दाब वाढलेला असतो. अशा वेळी चारही घरांनी मिळून महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नाहीतर दुरुस्त करून आणलेला टीव्ही पुन्हा त्याच लाइनवर जळेल आणि सगळा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागेल.